रात्री तीन वाजता कुणाला सोडू नकोस

एडिसन, न्यू जर्सी

चि. ओंकार,

काल ताईचा फोन आला होता. तुझ्या रूममेटच्या आईकडून तिला कळलं, की तू रात्र रात्र जागून ‘माणसं घेतोस आणि सोडतोस’. ताईने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. जुगारापायी बापूकाकांचं जे झालं त्यानंतर आपल्या घरात आकडा, पैज असला कुठलाही शब्द ऐकला की तिच्या पोटात गोळा येतो, हे तुला सांगायला नको. त्यात 2025च्या ऑगस्टमध्ये भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, ड्रीम इलेव्हन ॲपने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, ते सगळं तिने बातम्यांत पाहिलेलं. मी तिला समजावलं, की ही आम्हा मित्रांची बास्केटबॉलची फँटसी लीग आहे, खऱ्या खेळाडूंचे कागदावरचे संघ करायचे, हंगामाचे वीस डॉलर, आणि त्यातच शेवटी सगळ्यांचं जेवण होतं. ती शांत झाली. मी झालो नाही.

कारण लीगमधली नोंद मलाही दिसते. कुणी कुणाला घेतलं, कुणाला सोडलं, किती वाजता. तुझ्या नावापुढे 2.47, 3.10, 3.32. दुसऱ्या दिवशी तुझी परीक्षा होती ना रे?

आता स्पष्ट बोलतो. निवडीच्या तिसऱ्या फेरीत घेतलेला गार्ड तू दोन वाईट सामन्यांनंतर सोडून दिलास. 82 सामन्यांच्या हंगामात दोन! त्याचे शॉट पडत नव्हते हे खरं, पण तो मैदानावर तेवढीच मिनिटं होता आणि शॉटही तेवढेच घेत होता. मिनिटं कमी झाली तर काळजी करावी. टक्केवारी आज घसरते, चार दिवसांनी वर येते. आणि त्याच्या जागी घेतलंस कुणाला? एका रात्री सहा थ्री मारले म्हणून अशा माणसाला, ज्याचा संघ त्या आठवड्यात दोनदाच खेळणार होता. आठवड्याला चार बदल मिळतात, ते तू मंगळवारपर्यंत उडवतोस. मग रविवारी एका ब्लॉकवर, दोन स्टीलवर निकाल अडलेला असतो आणि तू नुसता बघत बसतोस. सारखं झाकण काढून पाहिलं तर भात कच्चाच राहतो, बाबा.

शेवटच्या दोन जागा फिरत्या ठेव. ज्याचे सामने जास्त, त्याला तिथे घे. बाकीच्यांना हात लावू नकोस. कुणी जायबंदी झाला तर त्याच्यासाठी वेगळी जागा आहे, तिथे हलव. बाहेर काढू नकोस.

आणि या सगळ्यासाठी जागायचं कारणच काय? संघांना सहसा सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत जायबंदी खेळाडूंची माहिती द्यावी लागते. ती जेवताना बघ. सोडलेला खेळाडू आपल्या लीगमध्ये दोन दिवस वेव्हरवर, म्हणजे मागणीच्या यादीत, असतो. त्याच्यावर मागणी टाकायची आणि झोपायचं. कुणाचा क्रमांक वर आहे ते यंत्र बघतं. कोण जागा आहे, याची त्याला पर्वा नसते. कॅलिफोर्नियातले सामने आपल्याकडे रात्री एकच्या सुमाराला संपतात. संपू देत.

जेरेमी लिन या खेळाडूचं तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा लहान होतास. हार्वर्डमध्ये शिकलेला, ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला. 2011च्या डिसेंबरात त्याला गोल्डन स्टेटने सोडलं. ह्यूस्टनने उचललं आणि पंधरवड्याच्या आत, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, एका सेंटरसाठी जागा हवी म्हणून सोडून दिलं. निक्सचा एक गार्ड जायबंदी होता, म्हणून त्यांनी त्याला वेव्हरवरून घेतलं. 4 फेब्रुवारीला त्याने नेट्सविरुद्ध 25 गुण केले, सहा दिवसांनी लेकर्सविरुद्ध 38. त्या दिवसांत इथे ऑफिसात कुणी दुसरं काही बोलत नव्हतं. जुलैमध्ये त्याच ह्यूस्टनने त्याला तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर मोजून परत आणलं. त्या संघांकडे पगारी जाणकार होते, सगळे आकडे समोर होते, तरी ते फसले. तू तर एकटा, झोपेने तारवटलेला, रात्री तीन वाजता ठरवतोस.

मी या देशात नवा होतो तेव्हा मीही असाच जागायचो. तुझे आजोबा, नाना, रविवारी फोन करायचे. मी टीव्हीवरचा स्कोअर बघत ‘हं, हं’ करायचो. त्यांना माझी खोली कशी आहे, स्वयंपाक कोण करतं, हे विचारायचं असायचं. मी म्हणायचो, ‘नाना, फोनचे पैसे जातात.’ त्यातला एकही सामना आज मला आठवत नाही. नानांनी काय काय विचारलं होतं, तेही पुरतं आठवत नाही, आणि हे मला अजून बोचतं.

असो, फार बोललो. खरं तर तुझी नजर आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली आहे. डिसेंबरात तू घेतलेल्या त्या नवख्या सेंटरचं नावही आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. मित्रांना मी अभिमानाने सांगितलं, भाचा आहे माझा. लीग सोड असं मी म्हणणार नाही. बास्केटबॉलवेड्या इंडियानात राहून पोरगा बास्केटबॉल बघणार नाही तर काय करणार?

पण एक विचारतो. तू एक विषय सोडलास, हेही ताईने सांगितलं. ते बरोबर की चूक, ते तुझं तू जाण. तुझ्या शिक्षणातलं मला काय कळतं? फक्त ते तरी दिवसा ठरवलंस ना? कुणाशी बोलून ठरवलंस ना? मला खेळाडूंची एवढी चिंता नाही रे. पहाटे तीनला त्या खोलीत तू जागा असतोस आणि बोलायला कुणी नसतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मार्चच्या सुट्टीत इकडे ये. तिकीट मी काढतो. मामीने तुझ्यासाठी भाजणी करून ठेवली आहे. आणि तोपर्यंत कधी झोप आली नाही तर लीग उघडू नकोस, मला फोन कर. मी झोपलेला असेन. उठव.

तुझा,
मामा