पुस्तकातली लाथ

धाटावच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याचा आठवडा शिफ्टप्रमाणे फिरतो. आज फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. कराटेचा क्लास मात्र संध्याकाळी सहाचा तो सहाचाच. रोह्याला जायला मिनिडोअर मिळते, पण सेकंड असली की सहा वाजता आपण प्लांटमध्ये उभे. म्हणून आमच्याकडची पोरं पुस्तकाकडे वळतात. हल्ली मोबाईलवरच्या व्हिडिओकडे. मीही वळलो होतो. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर घेतलेलं, कव्हर फाटलेलं कराटेचं इंग्रजी पुस्तक उशाशी घेऊन झोपायचो.

त्यात मावाशी-गेरीचे, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायच्या लाथेचे, तीन फोटो होते. गुडघा वर, कंबर वळलेली, पाय ताठ. या तिन्हींच्या मधे जमिनीवरच्या पायाचं काय होतं, ते एकाही फोटोत नव्हतं. आणि खरं काम तोच पाय करतो. पंजावर फिरून त्याची टाच जवळजवळ समोरच्याकडे यावी लागते. टाच फिरली नाही तर कंबर वळते, पाऊल जागच्या जागी राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. माझा सराव गच्चीवर, खरखरीत सिमेंटवर, अनवाणी. पाऊल फिरणार कसं? आधी जिना उतरताना गुडघा कुरकुरू लागला, मग सुजला. पुढे शिफ्ट बदलून घेऊन क्लासला गेलो, तेव्हा सरांनी एक लाथ मारायला लावली, मागे येऊन उभे राहिले आणि काठीचं टोक माझ्या टाचेला लावलं. "ही फिरव." बाकी काही नाही.

लाथ कशी असते ते पुस्तकाने मला नीट सांगितलं होतं. माझी लाथ कशी पडते आहे, ते मात्र त्याला दिसत नव्हतं, आणि मलाही नाही. आरसा लावला तरी तो समोरचंच दाखवतो. टाच मागे असते. आमच्या प्लांटमध्ये प्रत्येक कामाची एसओपी लिहिलेली असते, तरी नवीन पोराला कोणी एकट्याला व्हॉल्व्हवर सोडत नाही. आधी जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली उभं करतात. कारखान्यात हे सगळ्यांना पटतं. स्वतःच्या गुडघ्याच्या बाबतीत का पटत नाही, देव जाणे.

यापेक्षा वाईट प्रकार ज्युदोच्या पुस्तकाने झाला. अशा पुस्तकात पडायला शिकवणारी पानं अगदी सुरुवातीला असतात आणि वाचणारा नेमकी तीच भराभर उलटतो, कारण त्याला पाडायचं असतं. आमच्यातल्या एकाने चुलतभावाला अंगणात फेकलं. त्या बिचाऱ्याने स्वतःला सावरायला हात पुढे टेकला, सगळा भार खांद्यापर्यंत गेला आणि कॉलरबोन मोडलं. ज्युदोच्या वर्गात सुरुवातीला उकेमीच करून घेतात, म्हणजे पडायचं कसं ते. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हात टेकायचा नाही. तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा हात मॅटवर आपटायचा. कंटाळवाणं काम आहे. पोरं याच टप्प्यावर क्लास सोडतात.

म्हणून पुस्तकं रद्दीत घाला असं मी म्हणणार नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो विद्यार्थी असताना त्यांना तालमीतला एक धिप्पाड गडी काही केल्या पडेना. शेवटी त्यांनी ग्रंथालयात पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक धुंडाळलं, त्यातला डाव उचलला आणि गड्याला खांद्यावर घेऊन आपटलं. काता-गुरुमा तो हाच. पण कानो तेव्हा गुरूकडे जुजुत्सू शिकत होते, पडायला त्यांना येत होतं आणि डाव आधी करून बघायला सोबती होते. ब्रूस लीचं नाव पुढे करणाऱ्यांनाही हेच सांगतो. त्याचं गाजलेलं पुस्तक म्हणजे त्याची टिपणं; १९७३ साली तो गेला, त्यानंतर दोन वर्षांनी ती छापली गेली. त्याआधी हाँगकाँगमध्ये तो इप मॅन यांच्याकडे शिकला होता. आपल्याकडे बडोद्याला द. चिं. मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. जुने डाव विसरले जाऊ नयेत म्हणून असं पुस्तक हवंच. वर्गातून घरी आल्यावर ते वाचा, सरांनी दाखवलेलं त्यात सापडतं तेव्हा मजा येते.

सध्या काळजी दांडपट्ट्याची वाटते. २०२४ मध्ये तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत तो फिरवायची हौस वाढली. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीत असते, त्यामुळे मनगट वळत नाही. हात कोपरापासून, खांद्यापासून चालतो. पातं लांब आणि लवचिक. ते परत कुठे येईल ते फिरवणाऱ्याच्या पायांवर ठरतं. म्हणून वस्ताद आधी पवित्रे घोटून घेतात, तेही रिकाम्या हाताने. व्हिडिओत पोरांना दिसतं फक्त पातं. मिरवणुकीत बाजूला लहान मुलं उभी असतात.

शिकवणाराही पारखून घ्यावा लागतो. भिंतीवरची सर्टिफिकेटं राहू द्या, एक दिवस कोपऱ्यात बसून वर्ग बघा. पालकांना बसू न देणारा वर्ग नको. तगड्या पोरासमोर किरकोळ पोराला उभं करून गंमत बघणारा नको. सरांची नजर पोरांच्या पायांवर आहे की स्वतःच्या मोबाईलवर, हे पाच मिनिटांत कळतं. वर्षभरात ब्लॅक बेल्टची हमी देणारा भेटला तर तो पट्टा विकतोय असं समजा. असल्या माणसापेक्षा पुस्तक परवडलं.

राहिला प्रश्न शिफ्टचा. सरांना मोकळेपणाने विचारा, सकाळची बॅच असते का. नसली तर सेकंडच्या आठवड्यात खाडा होणार हे त्यांना आधीच सांगून ठेवा, बहुतेक सर ऐकतात. त्या आठवड्यात घरी नवीन काही करू नका, शिकलेलंच घोटा. आणि रात्रभर जागून वर्गाला गेलात तर जोडी लावू नका. झोप झाली नसेल तर गार्ड खाली येतो, आणि समोरच्याला ते ठाऊक नसतं.