किशोरवयीन मातेचे वजन : काट्यावर बाळाबरोबर आईही हवी

बाळ सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि पुढे नवव्या महिन्यात लसीकरणासाठी आणले जाते. त्या वेळी त्याचे वजन होते व कार्डावर नोंद होते. त्याला कडेवर घेऊन आलेली आई मात्र काट्यावर उभी राहत नाही. ती माता स्वतःच सतरा-अठरा वर्षांची असेल, तर ही उणीव अधिक गंभीर ठरते. म्हणून हा विषय आम्ही देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांच्या नातेवाइकांपुढे मांडत आहोत.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या अथवा गर्भवती असल्याचे आढळले. या वयात मुलीची स्वतःची वाढही पूर्ण झालेली नसते. बांगलादेशाच्या ग्रामीण भागातील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समवयस्क मुलींची उंची वाढत असताना गर्भवती झालेल्या मुलींची वाढ थांबल्याचे व प्रसूतीनंतर त्यांचा बांधा कृश झाल्याचे दिसून आले. अशा मातेला 'वजन कमी कर' किंवा 'भरपूर खा' असा सरसकट सल्ला देणे म्हणूनच योग्य नव्हे.

वजन दोन्ही बाजूंना ढळते

एका घरात सव्वा महिना पूर्ण होण्याआधीच मुलगी शेतावर किंवा पाणी भरण्यास जाऊ लागते. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले ती खाते. बाळाला बाधेल या समजुतीने पालेभाज्या, फळे व डाळीही वर्ज्य केल्या जातात. तिचे वजन घटत जाते आणि रक्तक्षय वाढतो.

दुसऱ्या घरात प्रेमापोटी डिंकाचे लाडू, तूप व शिरा यांचा मारा होतो आणि हालचाल मात्र जवळजवळ बंद असते. डिंक, अळीव, खोबरे हे पदार्थ चांगलेच. पण तुपा-गुळातील एका मध्यम लाडवातून सुमारे दोनशे कॅलरी मिळतात, हे ध्यानात ठेवावे. पोटपट्ट्याने आधार वाटतो, चरबी मात्र घटत नाही.

क्वचित वजनातील बदलामागे मनाची उदासी असते. भूक मरणे, सतत रडू येणे, बाळाविषयी ओढ न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आहार व हालचाल

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी व १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. नेहमीच्या जेवणाला जोड म्हणून एक जादा भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, पालेभाजी, पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे वा एक अंडे दिल्यास यातील बराच भाग घरच्या घरी भागतो. लोहाची गोळी प्रसूतीनंतर १८० दिवस रोज घ्यावी. कॅल्शियमच्या गोळ्याही सहा महिने घ्याव्यात, परंतु दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत. तहान लागेल तेव्हा पाणी प्यावे. पाणी तोडण्याची प्रथा सोडावी.

पहिले सहा आठवडे वजन उतरवण्याचा प्रयत्न करू नये. त्यानंतर वजन अधिक असल्यास, डॉक्टरांच्या परवानगीने रोज अर्धा तास चालावे व गोड-तळलेले पदार्थ कमी करावेत. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा अधिक घट होऊ देऊ नये. उपास हा यावरचा उपाय नव्हे. प्रौढ स्त्रीचा तक्ता एकोणीस वर्षांखालील मुलीला लागू पडत नाही; तिचे वजन वय व उंची पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

कुटुंबाची व समाजाची जबाबदारी

मुलीच्या ताटात काय पडेल, हे बहुधा सासूबाई किंवा आई ठरवते. म्हणून सल्ल्याच्या वेळी त्यांनीही उपस्थित राहावे, असा आमचा आग्रह आहे. जन्मानंतर किमान दोन वर्षे पुन्हा गर्भधारणा होऊ न देणे हाही मातेची झीज भरून काढण्याचाच भाग आहे. त्यात पतीचा सहभाग अनिवार्य आहे. अंगणवाडीतून स्तनदा मातेसाठी मिळणारा पोषण आहार तिनेच खावा, तो घरभर वाटला जाऊ नये.

आणखी एक अवघड बाब नमूद केली पाहिजे. माता अठरा वर्षांखालील असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते. या धास्तीने काही कुटुंबे पुढील तपासणीस येण्याचे टाळतात आणि त्याची झळ मुलीच्या प्रकृतीला बसते. उपचार व सल्ला हा तिचा हक्क आहे. तो कोणत्याही कारणाने खंडित होता कामा नये.

मोठ्या यंत्रसामग्रीच्या तुलनेत एक वजनकाटा, नोंदीचे एक कार्ड आणि समुपदेशनाची पंधरा मिनिटे यांना फारसा खर्च येत नाही. पण त्यातून एकाच वेळी दोन जीवांची वाढ राखली जाते. आपल्या देणगीचा एक लहानसा वाटा या कामी लागावा आणि बाळाच्या कार्डाशेजारी आईच्या वजनाचीही नोंद दिसावी, हीच आमची नम्र विनंती.