कारागिराचा न्याय्य भाव



आजचा विषय वरवर पाहता प्रपंचातला, रोकड हिशेबाचा आहे. परंतु तो मांडण्यास माझीच एक चूक कारण झाली, म्हणून आधी ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात मी लोभावर बोललो. बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, "माळकऱ्याने नफा कसला पाहायचा? पोटापुरते मिळाले की झाले!" श्रोत्यांनी माना डोलावल्या. त्यांत एक सुतार बसले होते. त्यांनी ते शब्द पदराला बांधले आणि घरी जाऊन आपल्या कामाचे भाव उतरवले. दोन वर्षांनी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा कळले की, त्यांचे रंध्याचे यंत्र गहाण पडले, मुलीचे शिक्षण थांबले आणि लाकूडवाल्याचे देणे फेडण्याच्या धडपडीत दोन्ही आषाढ्यांना वारी चुकली. मला म्हणाले, "महाराज, तुम्ही सांगितले तसेच केले. मग असे का झाले?"

मी काय उत्तर देणार? त्या रात्री त्यांच्या पडवीत बसून आम्ही दोघांनी हिशेब मांडला. तोच येथे देतो. सुताराच्या जागी शिंपी, गवंडी, कुंभार, वीजकाम करणारा, कोणीही घाला, रीत तीच.

शास्त्र काय म्हणते?

नफा घेणे हे मुळातच पाप, असे शास्त्रात कोठेही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, माल घेऊन लगेच विकणाऱ्या व्यापाऱ्यास आपल्या देशातील मालावर शेकडा पाच आणि परदेशच्या मालावर शेकडा दहा नफा सांगितला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेच प्रमाण येते. मनुस्मृतीत राजाला सांगितले आहे की, माल कोठून आला, कोठे जायचा, किती दिवस ठेवावा लागला, त्यात वाढ किती आणि घट किती, हे सर्व पाहून खरेदीविक्रीचे भाव ठरवावे. वजनेमापे दर सहा महिन्यांनी तपासावी, असेही तेथेच आहे. म्हणजे शास्त्राने नफ्याला बंदी केली नाही, त्याला माप घातले. मी पाठशाळेत हे सारे शिकलो होतो. व्यासपीठावर मात्र विसरलो.

दिवसाची किंमत

आमचे सुतार दिवसाचे १,००० रुपये धरीत. का? तर दुसऱ्याकडे रोजाने जाताना तेवढे मिळत म्हणून. येथेच पहिली चूक. रोजंदारीच्या माणसाला जागेचे भाडे नाही, हत्यारांची झीज नाही, गिऱ्हाईक शोधणे नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्याला हे सारे आहे.

वर्षाचे दिवस ३६५. त्यांतून सुटीचे वार ५२, वारीचे २०, सणवार व लग्नकार्याचे १५, आजारपणाचे १० वजा केले. उरले २६८. त्यातही माप घेणे, लाकूड पाहणे, माल पोचवणे, पैशासाठी खेपा घालणे यांत पाचातला एक दिवस जातो. म्हणजे प्रत्यक्ष हातात रंधा असतो ते दिवस २१५ च.

आता खर्च. घराला महिना २४,००० धरले, तर वर्षाचे २,८८,००० रुपये. जागेचे भाडे ३६,०००, वीज १२,०००, हत्यारांची धार व झीज १८,०००, जाणेयेणे व टेलिफोन १२,०००, दुखणे व म्हातारपण यांसाठी बाजूला ३६,०००. एकूण ४,०२,०००. भागिले २१५. दिवसाचे १,८७० रुपये पडतात. यात चैन कोठे आहे? हे पोटापुरतेच आहे!

उलट १,००० प्रमाणे २१५ दिवसांचे २,१५,००० मिळाले. त्यांतून धंद्याचा खर्च ७८,००० गेला. घरी आले १,३७,०००. महिन्याला साडेअकरा हजारही नाहीत. सुतार हा आकडा पाहून बराच वेळ गप्प बसले.

एका दाराचा हिशेब

चौकटीसह एक दार, चार दिवसांचे काम. सुतार धरीत ते असे : दारात दिसते तेवढे लाकूड ८,०००, बिजागऱ्या, स्क्रू, पॉलिश वगैरे १,४००, मजुरी ४,०००. एकूण १३,४००. परंतु कापण्यात आणि रंधण्यात जे भुशाला गेले तेही विकतच घेतलेले होते. खरे लाकूड ९,००० चे. त्यात १,४०० आणि मजुरी ७,४८० मिळवली की होतात १७,८८०. दार फुगले, पुन्हा जाऊन घासावे लागले, एखादी फळी चिरली, त्यासाठी शेकडा पाच म्हणजे ८९४ धरले, तर १८,७७४ होतात. एका दारामागे पाच हजारांवर रुपये ते आपल्या पदरचे घालीत होते, आणि घरच्यांना ठाऊकही नव्हते.

आणखी एक फसगत पाहा. शंभराच्या खर्चावर वीस चढवून १२० सांगितले. गिऱ्हाईक म्हणाले, दहा टक्के सोडा. सुटले १२, हाती आले १०८. गिऱ्हाइकाला वाटते दहावाच भाग सुटला. कारागिराच्या विसातले बारा गेले! म्हणून घासाघीस होणार म्हणून आधी वाढवून सांगणे आणि मग सोडणे, ही रीतच टाकावी. एकच भाव सांगावा.

दया कोणाच्या वाट्यातून?

सुतारांनी विचारले, "महाराज, मग गरिबाला सवलत द्यायची नाही का?" जरूर द्यावी. परंतु तुकोबारायांचे चरित्र आठवा. कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली ती आपल्या वाट्याची. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, असे चरित्रकार सांगतात. हे वर्म आहे. दान आपल्या वाट्याचे करावे. बायकोमुलांच्या वाट्याचे, लाकूडवाल्याच्या उधारीचे करू नये. सवलत द्यायची तर पूर्ण भाव चिठ्ठीवर लिहून, त्याखाली सोडलेली रक्कम लिहावी. म्हणजे दिले किती ते आपल्याला कळते, आणि शेजाऱ्यालाही तोच भाव खरा वाटत नाही.

दुसरी बाजू

आता कोणी म्हणेल, महाराजांनी भाव वाढवायला मोकळीक दिली. तसे नव्हे. न्याय्य भावाला खालची हद्द आहे तशी वरचीही आहे. तीन प्रश्न स्वतःस विचारावे. हा हिशेब गिऱ्हाइकापुढे उघडा ठेवता येईल काय? लहान पोर चिठ्ठी घेऊन आले तरी हाच भाव सांगेन काय? आणि मी स्वतः गिऱ्हाईक असतो तर इतके देणे मला योग्य वाटले असते काय? तिन्हींस होय म्हणता आले तर भाव शुद्ध. पावसात छप्पर उडालेल्याची नड पाहून दुप्पट मागणे, तोंड पाहून भाव बदलणे, सागाचे पैसे घेऊन दुसरेच लाकूड घालणे, ही चोरीच. आणि लक्षात घ्या, भाव परवडत नसला की पहिला मोह लाकडात काटछाट करण्याचाच होतो. म्हणजे फार कमी भावही शेवटी गिऱ्हाइकालाच बुडवतो.

खरा भाव गावात निघत नसेल तर? माल हलका करू नये. एकाच मापाची चारपाच कामे जोडीने घेऊन दिवस वाचवावे, किंवा ते काम सोडून परवडेल ते धरावे. भाव कामाआधी लिहून द्यावा, लाकडापुरती आगाऊ रक्कम घ्यावी, आणि मध्येच काही वाढले तर पुढचे काम करण्यापूर्वी सांगावे.

आपण जे गिऱ्हाईक असतो, त्यांनाही एक विनंती. घासाघीस करायची तर काम सुरू होण्यापूर्वी करा. दार बसल्यावर दोनशे कापणे हे त्याच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखे आहे.

सुतारांनी नवा भाव सांगायला सुरुवात केली तेव्हा काही गिऱ्हाइके गेली, ती गेलीच. जी राहिली तेवढ्यांवर उधारी हळूहळू फिटली. यंत्र सुटले. गेल्या आषाढीला ते दिंडीत माझ्या पुढच्याच रांगेत चालत होते. मुलीचे शिक्षणाचे एक वर्ष मात्र गेले, ते काही माझ्या शब्दांनी परत येणार नाही. म्हणून हे लिहिले.

रामकृष्ण हरि.