रोमन सैनिकाचा पोशाख पुन्हा घडवताना: काय करावे, काय टाळावे

रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर (इ.स. 113) सैनिकांच्या रांगाच रांगा कोरलेल्या आहेत. पण संगमरवरावरून कापडाची वीण कळत नाही, वजन कळत नाही आणि काखेत काय काचतं तेही कळत नाही. त्यासाठी कपडा बनवून अंगावर वागवावा लागतो.

काय करावे

• आधी एक काळ आणि एक प्रांत ठरवा. पहिल्या शतकातला ऱ्हाइनकाठचा शिपाई आणि तिसऱ्या शतकातला सीरियातला शिपाई यांचा पोशाख एक नव्हता.

• मापं पुराव्यातून घ्या. इजिप्तमध्ये सापडलेल्या इ.स. 138 च्या एका पपायरसवर कप्पाडोकियातल्या फौजेसाठी विणकरांना दिलेली मागणी आहे: पांढरा ट्युनिक (सैल अंगरखा), लांबी साडेतीन हात, रुंदी तीन हात चार बोटं, वजन पावणेचार मिना. म्हणजे सुमारे 1.55 बाय 1.40 मीटर आणि दीड किलोहून जास्त. अंगाबरोबर बसणारा सदरा इथेच बाद होतो.

• लोकर वापरा आणि काठ शाबूत ठेवा. मृत समुद्राजवळच्या नाहाल हेवरच्या गुहेत रोमविरुद्ध ज्यूंनी केलेल्या इ.स. 132–135 च्या बंडाच्या वेळचे कपडे मिळाले. त्यांत दोन आयताकृती कापडं खांद्यावर जोडून गळ्यापुरती फट सोडलेले ट्युनिक आहेत. कातरीला फारसं काम नाही.

• पट्टा आवळून कापड वर ओढा. घोळ कमरेवर जमतो, काठ गुडघ्याशी येतो आणि रुंदीचं जास्तीचं कापड दंडावर उतरून बाहीचं काम करतं. चालताना तो घोळ कुठे सरकतो ते पाहा.

• पूर्ण ओझ्यानिशी चाला. मार्कुस युंकेलमान या जर्मन इतिहासकारानं 1985 मध्ये साथीदारांसह रोमन सरंजामात व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून ऑग्सबुर्ग गाठलं. आरशासमोर न दिसणारे दोष वाटेत दिसतात: चिलखताची कड मानेला लागली की गळ्याभोवतीच्या रुमालाचा उपयोग आपोआप पटतो.

• पायांकडेही बघा. हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा इथल्या एका लाकडी पाटीवर मोजे आणि आतल्या चड्ड्या पाठवल्याचा उल्लेख आहे. उत्तरेच्या थंडीतला शिपाई उघड्या पायांचा दाखवण्याआधी ही पाटी आठवा.

काय टाळावे

• सगळी पलटण लालभडक रंगवू नका. तो रंग सिनेमानं पक्का केला. वरची मागणी पांढऱ्याची आहे.

• लाल हवाच असेल तर घाई नको. युरोपातलं लाल रंग देणारं मंजिष्ठेचं झाड आपल्या मंजिष्ठेहून वेगळं, त्यामुळे छटाही वेगळी येते. लोकरीला आधी तुरटी द्या आणि रंगाचं पाणी उकळू देऊ नका. नाहीतर लालाचा तपकिरी होतो.

• पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत चामड्याचं करू नका. शिल्पं पाहून तसा समज झाला होता. 1964 मध्ये इंग्लंडच्या कॉर्ब्रिजला पेटीभर लोखंडी पत्रे मिळाले आणि चिलखतांचे अभ्यासक रसेल रॉबिन्सन यांनी त्यांची जोडणी उलगडून दाखवली.

• खिळेदार तळव्यांच्या पादत्राणांनी गुळगुळीत फरशीवर धावू नका. जेरुसलेमच्या वेढ्यात, इ.स. 70 मध्ये, ज्युलियानुस नावाचा सेंच्युरियन (तुकडीचा नायक) असाच मंदिराच्या फरशीवर घसरला आणि शत्रूनं त्याला गाठून मारलं, असं त्या काळचा इतिहासकार जोसिफस यानं लिहिलं आहे.

• तुटलं, उसवलं, की गुपचूप यंत्राची टीप मारू नका. कुठे, किती चालल्यावर आणि कशानं गेलं ते आधी लिहा. प्रयोगाची खरी कमाई तीच.

• “जमलं, म्हणजे रोमन असंच करत” असं म्हणू नका. प्रयोगानं एवढंच ठरतं की असं करता येतं. तसं करत होते का, हे सापडलेला कपडा, लेख किंवा चित्रच सांगेल. जे फक्त अंदाजानं शिवलं, ते पाहणाऱ्याला तसंच सांगा.