जमिनीच्या पोटातील पाण्याचा शोध

कलिंगड घेताना आजोबा त्यावर टिचकी मारून पाहतात ना? न कापता आतले ओळखण्याचा तो प्रयत्न असतो. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यापुढेही असाच प्रश्न असतो. कर्ज काढायचे, पन्नास फूट खडक फोडायचा आणि तळाशी निघावा कोरडा पाषाण! म्हणून कोणी पाणाड्याला बोलावतात. तो डहाळी हातात धरून शेतात फिरतो. पण डहाळी वळते तेथे पाणी असतेच, असे शास्त्रीय चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. मग खणण्यापूर्वी अंदाज कसा घ्यावा? या कामी वीज आपल्याला मदत करते.

प्रथम आपली जमीन समजून घेऊ. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. अखंड, घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते साठते मुरमात, झिजलेल्या खडकात आणि भेगांत. अशा जागा सर्वत्र सारख्या नसतात. त्यामुळेच एका शेतातील विहीर भरलेली, तर बांधापलीकडची कोरडी, असे घडते.

कोरडा घट्ट खडक विजेला फार विरोध करतो. भूजलात मात्र क्षार विरघळलेले असल्याने त्यातून वीज सहज वाहते. पदार्थाच्या या विरोधाच्या मापाला रोधकता म्हणतात. ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. पाणी धरलेल्या झिजलेल्या बेसॉल्टची रोधकता साधारणतः २० ते ५० ओहम-मीटर, तर अखंड बेसॉल्टची काहीशे ते हजारो ओहम-मीटर असते. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जे यांनी १९१२ च्या सुमारास विजेने भूगर्भ तपासण्याचे प्रयोग केले, ते मुख्यतः खनिजांच्या शोधासाठी. तीच युक्ती पुढे पाण्यासाठीही उपयोगी पडली.

अमेरिकेतील फ्रँक वेनर यांच्या रचनेत एका सरळ रेषेत, समान अंतरावर, धातूच्या चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत विद्युत्‌प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांमधील विभवांतर मोजतात. मग

रोधकता = २ × ३.१४ × अंतर × (विभवांतर ÷ प्रवाह)

समजा, खुंट्यांमधील अंतर १० मीटर, प्रवाह ०.१ अँपिअर आणि विभवांतर ०.०८ व्होल्ट आहे. उत्तर येते सुमारे ५० ओहम-मीटर. हे माप एखाद्या एकाच थराचे नसून प्रवाह जेथून गेला त्या सर्व थरांचे मिळून असते. खुंट्या दूर नेल्या की प्रवाह अधिक खोल शिरतो. म्हणून अंतर वाढवीत पुन्हा पुन्हा मोजमाप करतात, त्यांचा आलेख काढतात आणि त्यावरून थरांची जाडी व खोली यांचा अंदाज बांधतात.

पण येथे एक मेख आहे. यंत्राला पाणी दिसत नाही, ते फक्त विजेला होणारा विरोध मोजते. चिकणमातीची रोधकताही कमीच असते आणि खाऱ्या पाण्याची तर फारच कमी. विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात बऱ्याच भागात भूजल खारे आहे. तेथे केवळ कमी आकडा पाहून विहीर खणली, तर पाणी लागेल, पण पिकाला आणि पिण्याला चालणार नाही! म्हणून भूवैज्ञानिक आधी नाल्यांचे काठ, जुन्या विहिरींतील थर व त्यांच्या पाण्याची चव यांची चौकशी करतो आणि मगच आकड्यांचा अर्थ लावतो. इतके करूनही अंदाज कधी कधी चुकतो, पण आंधळेपणाने खणण्यापेक्षा धोका कमी होतो.

आता तुम्ही एक गणित करा. त्याच शेतात खुंट्यांमधील अंतर ३० मीटर केले. प्रवाह तेवढाच, पण विभवांतर ०.०६ व्होल्ट आले. रोधकता किती? ती वाढली की घटली? त्यावरून खाली कोणता खडक असावा?

(उत्तर : सुमारे ११३ ओहम-मीटर. रोधकता वाढली, म्हणजे खाली अधिक घट्ट खडक असण्याचा संभव आहे.)