इटालियन कचेरीला चार ओळी लिहिताना

बोलोन्यात शिकायला आलेली आपली मुलं माझ्याकडे एक काम हमखास आणतात: "ताई, एवढा मेल बघता का?" मेल असतो विद्यापीठाच्या 'सेग्रेतेरिया'ला, म्हणजे विद्यार्थी-कार्यालयाला, नाहीतर घरमालकाला. बहुतेक वेळा तो इंग्रजीत लिहून यंत्राकडून इटालियनमध्ये उतरवलेला असतो, आणि घात तिथेच होतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. यंत्र त्याचं कधी 'तू' करतं, कधी आदरार्थी 'लेई'. एका मुलाच्या मेलमध्ये कार्यालयातल्या बाईंना पहिल्या ओळीत 'पोत्रेब्बे' (आपल्याला जमेल का) होतं आणि तिसऱ्या ओळीत थेट 'इन्व्हियामी', म्हणजे 'मला पाठव'! उत्तर येईना, तेव्हा त्याने वर 'उर्जेन्ते' लिहून तोच मेल रोज धाडायला सुरुवात केली. मग तर उत्तराची आशाच नको.

'लेई'बरोबर क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी येतं, समोर पुरुष असला तरी. "साहेबांनी जरा बघावं" असं आपण साहेबांनाच म्हणतो ना, त्याच चालीचं. (मुसोलिनीच्या राजवटीने 1938 मध्ये हे 'लेई' मोडून 'व्होई' (तुम्ही) लादायचा घाट घातला होता, युद्धानंतर 'लेई' पुन्हा रुळलं.) तेव्हा मेल पाठवण्याआधी फक्त क्रियापदं तपासत जा. एकही 'तू'चं सापडता कामा नये.

दुसरा सापळा 'डिअर'चा. त्याचं यंत्र 'कारो' किंवा 'कारा' करतं, आणि ते ओळखीच्यांत शोभतं. अनोळखी बाईंना 'जेंतीले दोत्तोरेस्सा' आणि पुढे आडनाव. इथे कुठल्याही पदवीधराला 'दोत्तोरे' म्हणतात, त्यामुळे पीएचडी आहे की नाही याची चौकशी करत बसू नका. नावच ठाऊक नसेल तर साधं 'ब्वोंजोर्नो' पुरतं.

आपल्याला 'कृपया', 'नम्र विनंती' यांची रास घालायची सवय. 'व्होल्यो' (मला हवंय) लिहून मागे 'पेर फाव्होरे' जोडलं तरी हट्ट तो हट्टच राहतो. 'व्होर्रेई' (मला हवं होतं) लिहा, अदब आपोआप येते. त्या मुलाला मी लिहून दिलेला मेल असा: 'व्होर्रेई सापेरे एन्त्रो क्वाले दाता पोस्सो कोन्सेन्यारे ई दोकुमेन्ती' (कागदपत्रं कोणत्या तारखेपर्यंत देता येतील, हे जाणून घ्यायचं होतं). वर अभ्यासक्रमाचं नाव आणि 'मात्रीकोला', म्हणजे विद्यार्थी क्रमांक. खाली 'ला रिंग्रात्स्यो' (आपले आभार), 'कोर्दियाली सालूती' (सस्नेह नमस्कार) आणि पूर्ण नाव. संपलं. घरची परिस्थिती, व्हिसाची कहाणी, सगळं काढून टाकलं. विषयाच्या ओळीतही क्रमांक घातला, कारण टेबलापलीकडच्या माणसाला तुमची फाईल उघडायची असते, तुमचं मन नव्हे.

एका मेलमध्ये एकच प्रश्न, हे माझं ठाम मत. तीन विचारलेत तर सोप्या एकाचंच उत्तर येतं.

विचारणा वेगळी आणि रीतसर अर्ज वेगळा, हेही ध्यानात ठेवा. अर्जासाठी 'पेक' नावाची प्रमाणित ईमेल असते. तिला पोचपावतीच्या रजिस्टर्ड पत्राइतकं कायदेशीर वजन आहे. काही कार्यालयांच्या 'पेक' पत्त्यावर साधा मेल स्वीकारलाच जात नाही, म्हणून चौकशीसाठी संकेतस्थळावरचा साधा पत्ता शोधा.

आठवडाभरात उत्तर नाही आलं, तर आधीच्याच मेलखाली दोन ओळींची आठवण द्या. फक्त ऑगस्टचा मध्य टाळा. 15 तारखेच्या फेरागोस्तोच्या सुट्टीच्या सुमारास बरीच कार्यालयं ओस पडतात. जे विचारायचं ते जुलैतच विचारून घ्या.