दुखणं बिजागरीचं, बोंब कुलपाची

किल्ली फिरत नाही म्हणून कुलूप बदलायला निघाली आहेस, तर आधी एवढं कर. दार सताड उघडं ठेव आणि किल्ली फिरवून बघ. उघड्या दारात ती लोण्यासारखी फिरली आणि बंद दारात अडली, तर तुझ्या कुलपाला काही झालेलं नाही. कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात नीट जात नाहीये, कडेला घासतेय. तू किल्लीवर जोर काढतेस आणि ती बिचारी वाकते. आज वाकली, उद्या तुटेल. पाच मिनिटं थांबून हे बघितलंस तर कुलपाचे पैसे वाचतील.

मग जीभ का घासते? कारण दार जागेवर नाही. आणि दार जागेवर नसलं की बहुतेक वेळा चूक पलीकडच्या कडेला असते, बिजागऱ्यांकडे. आमच्या आळीतले सुतारदादा दार बघायला आले की कुलपाकडे ढुंकूनही बघत नसत. आधी दार अर्धं उघडून मूठ धरायचे आणि वर उचलून बघायचे. तूही तसंच कर. उचलताना वरच्या बिजागरीत हालचाल दिसली, डुगडुगल्यासारखं वाटलं, तर रोग सापडला. दाराचं सगळं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असतं. खालची तर उलट आत दाबली जाते, म्हणून तिचे स्क्रू सहसा सैल होत नाहीत. वरचे स्क्रू सैल झाले की दार मुठीच्या बाजूला कलतं. वरचा कोपरा चौकटीला टेकतो, खालचा कोपरा फरशीवर घासतो आणि कुलपाची जीभ भोकाच्या खाली उतरते. एका सैल स्क्रूपायी तीन तक्रारी.

दुसरी खूण डोळ्यांनी दिसते. दार बंद करून आतून भोवतालची फट बघ. चांगल्या दाराची फट वरून खालपर्यंत सारखी असते, 2-3 मिलिमीटर. बिजागरीच्या बाजूला वर फट रुंद आणि खाली चिंचोळी दिसली, तर दार नक्की कललंय. पण मुठीच्या बाजूला अख्खी कड वरून खालपर्यंत सारखी घासत असेल, तर ते पावसाने फुगलेलं आहे. कोपरा घासला तर बिजागरी, कड घासली तर पाऊस. या दोन दुखण्यांना औषधंही वेगळी आहेत.

बिजागरीचं आधी सांगते. दाराखाली पाचर घाल. पाचर नसेल तर वर्तमानपत्राची घडी चालेल. वजन त्याच्यावर आलं की मगच स्क्रूला हात लाव. स्क्रू घट्ट बसला तर काम झालं. नुसताच गरगर फिरत राहिला, तर भोकातल्या लाकडाचे आटे गेलेत. तो काढ. काडेपेटीतल्या तीन-चार काड्या घे, त्यांचे गुल तोडून टाक, काड्यांना फेविकॉल लाव आणि भोकात ठासून बसव. बाहेर राहिलेला भाग ब्लेडने कापून काढ आणि रात्रभर वाळू दे. घाई करू नकोस. ओल्या फेविकॉलमध्ये स्क्रू पिळलास तर पुन्हा पहिल्यासारखंच होईल. सकाळी स्क्रू नव्या लाकडात बसल्यासारखा बसतो. आणखी पक्कं करायचं तर चौकटीच्या बाजूचा एक स्क्रू तेवढ्याच जाडीचा पण 2 इंच लांबीचा घाल, म्हणजे तो चौकटीच्या गाभ्यातल्या न वापरलेल्या लाकडाला धरेल. न्हाणीघराच्या ग्रॅनाइटच्या चौकटीत मात्र काड्यांचा उपाय चालत नाही, तिथे रावल प्लगच लागतो.

स्क्रू निघतच नसेल, तर त्याच्या डोक्याच्या खाचेतला रंग आधी टोकदार सुईने खरवडून काढ. मग उलटा फिरवण्याआधी किंचित घट्ट करायचा प्रयत्न कर. गंजाची पकड त्या झटक्याने सुटते. आणि खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घे. लहान घेतलास तर खाच बोथट होते आणि मग तो स्क्रू कुणाच्याच हाताला येत नाही.

कधी उलटं घडतं. दार लावलं की आपोआप परत उघडतं, जणू आतून कुणी ढकलतंय. अशा वेळी बिजागरीची खाच गरजेपेक्षा खोल झालेली असते. बिजागरी मोकळी करून तिच्या मागे जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकव आणि स्क्रू पुन्हा लाव. लग्नपत्रिकेचा कागद यासाठी उत्तम.

आता पाऊस. तू श्रावणात फोन केलास, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि रुंदीत फुगतं, उंचीत जवळजवळ नाहीच. म्हणून दार रुंदीला अडतं. अशा वेळी रंधा मारायचा मोह होतो आणि तो आवरायचा. मी एका जुलैत मागच्या दाराला रंधा मारला होता. संक्रांतीपर्यंत लाकूड वाळून आटलं आणि दाराच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट पडली. त्या थंडीत घरात वारा शिरत राहिला. पुढे चौकटीला पट्टी ठोकावी लागली आणि दाराचं रूप गेलं ते गेलंच. तेव्हा पावसाळ्यात फक्त घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळ, तेवढ्याने बऱ्यापैकी काम भागतं. दिवाळीनंतर दार सुकलं आणि तरीही घासत असेल, तरच लाकूड काढ. काढलंस तर ती कड उघडी ठेवू नकोस, लगेच रंग किंवा पॉलिश लाव. आणि दाराची वरची आणि खालची कड एकदा हात फिरवून बघ. रंगारी तिथे ब्रश फिरवतच नाहीत, कारण ती दिसत नाही. पण दार सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं, लाकडाच्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात.

आता जिभेकडे परत येऊ. बिजागऱ्या घट्ट झाल्या, दार सुकलं, तरीही कुलूप लागत नसेल, तर ओल्या कुंकवाचं बोट जिभेच्या टोकाला लाव आणि दार हळूच लाव. चौकटीच्या पट्टीवर कुंकू जिथे उमटेल, तिथे जीभ आपटतेय. अंतर एखाद-दोन मिलिमीटरचं असेल तर पट्टीच्या भोकाची कड कानशीने घास. त्याहून जास्त असेल तर पट्टीच सरकवावी लागेल. पण बिजागरी न बघता पट्टी घासू नकोस. पुढे कुणी बिजागरी ठीक केली की घासलेलं भोक ढिलं पडतं आणि दार वाऱ्यावर खडखडत राहतं.

किल्ली उघड्या दारातही जड फिरत असेल, तेव्हा मात्र कुलपात शिरू. आपल्या गावच्या घरच्या कुलपात आत पितळी पट्ट्या एकावर एक असतात. किल्लीचा प्रत्येक दात एकेक पट्टी ठरावीक उंचीवर उचलतो, सगळ्या एका पातळीत आल्या की दांडी सरकते. मुंबईत लालबागला 1897 साली अर्देशीर गोदरेजांनी कुलपं करायला घेतली, तेव्हापासून तशी कुलपं आपल्याकडे घरोघरी आली. तुझ्या फ्लॅटच्या दारातलं कुलूप निराळं. त्याची सपाट, करवतीसारखी किल्ली अमेरिकेतल्या लायनस येल यांच्या 1861 च्या पेटंटपासून आलेली. तिथे पट्ट्यांऐवजी बारीक पिना आणि त्यांच्यावर स्प्रिंगा असतात. त्यात खोबरेल किंवा गोडेतेल चुकूनही घालू नकोस. आज सुळसुळीत वाटेल, पण चार महिन्यांत ते चिकट होतं आणि धूळ धरून पिना जाम करतं. त्याऐवजी शिसपेन्सिल घे, मऊ काळी असेल ती. किल्लीच्या दातांवर दोन्ही बाजूंनी घासून आत-बाहेर कर, फिरव, मग किल्ली पुसून पुन्हा तसंच कर. तीनदा केलंस की पुरे. पेन्सिलीची पूड कोरडी असते, धूळ तिला चिकटत नाही.

किल्ली आत तुटलीच, तर कुलूप फिरवू नकोस. किल्ली आत-बाहेर होते त्याच स्थितीत भोक असायला हवं. करवतीच्या पात्याचा बारीक तुकडा दातांच्या बाजूने घाल, किंचित वळव आणि ओढ. तुकडा निघाला तर निघाला, नाहीतर कुलूपवाल्याला बोलाव. चिकटवायचा गोंद घालून ओढायचा उद्योग केलास, तर किल्ली बसते तो अख्खा गाभा टाकून द्यावा लागेल.

अख्खं कुलूप बदलण्याची वेळ फार क्वचित येते, नुसता गाभा बदलला की भागतं. दाराच्या कडेला जिभेच्या पट्टीवर, किल्लीच्या रेषेत, एक लांब स्क्रू दिसेल. तो काढून किल्ली थोडीशी फिरवली की गाभा बाहेर सरकतो. त्याच मापाचा नवा आणायचा. मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांची मापं वेगवेगळी घे, ती सारखीच असतील असं धरू नकोस. तू भाड्याने राहतेस, आधीच्या भाडेकरूकडे किल्ल्या राहिल्यात का हे कुणाला ठाऊक? म्हणून मालकांना विचारून गाभा बदल, जुना डब्यात ठेव आणि जाताना त्यांना परत बसवून दे.

बिजागरी करकरते, त्याचं फार अवघड नाही. शिलाई मशीनच्या तेलात समईची वात भिजव आणि रात्री बिजागरीच्या वरच्या टोकावर ठेव. तेल झिरपत आत उतरतं. सकाळी दार दहा वेळा हलव आणि निथळलेलं तेल पुसून घे. कडी अडत असेल तर तिला मेण पुरतं.

मुठीचं सांगते. खाली लोंबणारी मूठ म्हणजे आतली स्प्रिंग थकलीय. जागच्या जागी गोल फिरणारी मूठ म्हणजे तिच्या बुडाशी असलेला इवलासा स्क्रू सुटलाय, तो षटकोनी चावीने घट्ट कर. ओली पिशवी, बॅग, रेनकोट मुठीवर लटकवायची सवय सोड; त्या मुठीतूनच दार कलायला सुरुवात होते. आणि न्हाणीघराच्या गोल मुठीला बाहेरून बारीक भोक किंवा खाच आहे का, ते आज बघून ठेव. शेजारच्यांचा तीन वर्षांचा मुलगा आत अडकला, तेव्हा सगळे दार तोडायला निघाले होते. भोकात केसांची पिन सरळ करून घातली आणि कडी सुटली. काही मुठींच्या खाचेत नाणं घालून फिरवावं लागतं. तुझ्या घरी पाहुण्यांची लेकरं येतात, तेव्हा ती पिन तिथेच चौकटीच्या वर ठेव.

आज रात्रीच दार अर्धं उघडून मूठ उचलून बघ आणि वरची बिजागरी हलते का, ते मला फोन करून सांग. हलली तर काड्या आणि फेविकॉल. नाही हलली तर नुसती मेणबत्ती, आणि दिवाळीला मी रंधा घेऊन येतेय.